डावीकडची सीट

गॅरेजच्या बाकावर मी पंक्चर निघायची वाट बघत होतो. शेजारी ऐंशीच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांची लेक मेकॅनिकवर इतकी तापली होती, की तिच्याजवळ पेट्रोलचा डबा ठेवायची कुणाची छाती नव्हती.

“तीनदा गाडी आणली. तीनदा म्हणालात, एसी ठणठणीत आहे.”

“ताई, स्वतः बसून पाहिलं. गारठलो.”

“कुठे बसलात?”

“स्टेअरिंगवर.”

“आई डावीकडे बसते. तिला स्टेअरिंगवर बसवू?”

“अहो, गाडी एक, एसी एक.”

“मग बसा डावीकडे. काच उघडायची नाही. आईला धुळीने दम लागतो, दवाखान्यापर्यंत ती अशीच जाते.”

दहा मिनिटांनी तो घामाने निथळत उतरला.

“ताई, इकडे नुसती वाफ येतेय. आतली हवेची झडप अडकली असणार.”

“तीनदा माझ्या आईला खोटं पाडलंत. माफी मागा तिची.”

“चुकलं, आजी. तुमचंच खरं होतं.”

“असू दे रे. तू तीनदाच म्हणालास. तुझं ऐकून ही रोज म्हणायची, ‘आई, उकाडा तुझ्या मनात आहे.’”

“आई, घरी जाऊन बोलू.”

“घरी कशाला? इथे वारा छान येतोय.”