पावतीवरची तारीख

(जव्हार. एका कचेरीतली दुपार, डिसेंबर २००४.)

कमलेश : मॅडम, आतला सेल मेलाय. लाइट गेली की कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि सरळ एक जानेवारी दोन हजारवर जाऊन बसतो.

रोहिणी : ते ठाऊक आहे मला. रोज मीच हाताने लावते. नवा टाक आणि आवर.

कमलेश : गणपतीतच सांगितलं होतं, बदला म्हणून.

रोहिणी : साहेबांची सही होत नव्हती.

नवशी : बाई, मंग माझ्या पावतीवर तीच तारीख पडली का?

रोहिणी : नवशी, तू अजून इथंच? यादी लागली म्हणून सांगितलं ना तुला.

नवशी : यादी बघितली. आमच्या पोशेऱ्याच्या अंगणवाडीवर खोडाळ्याची बाई घेतली. माझा अर्ज मुदतीच्या दोन दिस आधी तुमच्याच हातात दिला होता. वरच्या हापिसात म्हणतात, जाहिरातीच्या चार वर्षं आधी अर्ज कसा आला? खोटा कागद, म्हणून बाजूला टाकला.

कमलेश : बघू पावती. ...खरंच की. एक जानेवारी.

रोहिणी : त्या दिवशी चारदा लाइट गेली. बाहेर ही रांग. राहून गेलं लावायचं. मुद्दाम केलं का मी?

नवशी : मुद्दाम नाय म्हणत. पण तेवढं लिहून द्या, बाई. यंत्र बिघडलं होतं, एवढंच. तक्रारीला अजून चार दिस हायेत.

रोहिणी : लिहून दिलं की नोटीस माझ्या नावावर. नोकरीवर घर चालतं माझं.

नवशी : माझा नवरा वसईच्या खाडीत रेती काढताना बुडाला. पोरीला घेऊन मला आता तिकडंच जावं लागंल.

कमलेश : मॅडम, मी बिलावर लिहितो ना. 'सेल संपल्याने तारीख चुकत होती.' खरं तेच आहे. त्याची एक प्रत ताईंना देऊ.

नवशी : लय उपकार होतील, दादा.

रोहिणी : नवशी, जरा बाहेर बस. बोलावते.

नवशी : बसते.

रोहिणी : कमलेश, इथली सगळी दुरुस्ती तुझ्याकडे आहे. मार्चला कंत्राट संपतंय. बिल साहेब स्वतः वाचतात.

कमलेश : पण मॅडम, त्या बाईचं...

रोहिणी : मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. 'साफसफाई केली', एवढंच लिही.

कमलेश : आणि प्रत?

रोहिणी : दे की. शिक्का असला की समाधान होतं त्यांचं. ...ये गं नवशी, आत ये.

नवशी : लिहिलं का, दादा?

कमलेश : हो. ही घ्या. जपून ठेवा.

नवशी : ...यात तर साफसफाई केली असं हाय.

कमलेश : ताई, ते...

नवशी : तुम्हांला वाटलं, मी वाचणार नाय.