डॉइलचं पिस्तूल आणि माझी घाई

आणि वर मलाच म्हणतो, "घाई कसली?" घाई कसली म्हणे! अहो, तुम्हाला सांगते, माझ्या या नवऱ्याने, डॉइलने, पिस्तुलाचा तो डबा पोस्टाने मागवला तेव्हा आमची लेक टॅमी पाळण्यात होती, आणि शेवटचा स्क्रू पिळला गेला तेव्हा टॅमीची मुलगी नवऱ्याशी भांडून माहेरी येऊन बसली होती! मधली सगळी वर्षं डबा तळघरात. डब्यावर काय छापलेलं? "एका शनिवार-रविवारात तयार!" कुठला शनिवार ते मात्र छापलं नव्हतं...

डब्यात काय? एक लोखंडी नळी, अक्रोडाचा एक ओबडधोबड ठोकळा, पितळेचे चार तुकडे आणि स्क्रूंची पुडी. ठासणीचं पिस्तूल हो! तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी वर ठेवायची, गजाने ठासायची आणि मग एकदाचा बार उडवायचा. एवढ्या वेळात शत्रू जेवून हात धुऊन येईल. पण आमच्या केंटकीच्या डोंगरातल्या म्हाताऱ्यांना तेच आवडतं. त्यांचा क्लब आहे, दर ऑक्टोबरात नेमबाजीचा मेळा भरतो, आणि दर ऑक्टोबरात तो हॉबर्ट, क्लबचा कप्तान, डॉइलचा शाळेपासूनचा मित्र, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडतो, "काय रे डॉइल, झालं का पिस्तूल?" आणि आमचा डॉइल हसून म्हणतो, "घाई कसली?"

मी चिडायचे. माझं सगळं झटपट. मी बोलते झटपट, चालते झटपट, माझ्या केकलासुद्धा माहीत आहे की लवकर फुगलेलं बरं. आणि हा? खाणीच्या ट्रकांचा मेकॅनिक होता. अख्खं इंजिन सुटं करून पुन्हा बसवणार, एक नट उरणार नाही, पण घाई म्हणून करणार नाही. हात काय होते हो त्याचे! अंधारात तारेला तार जोडायचा...

मागच्या थंडीत डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. उजवा हात थरथरायला लागला. तर याने केलं काय, हात खिशात घातला. झालं! चर्चमध्ये हात खिशात, जेवताना हात खिशात, सूप डाव्या हाताने. क्लबला जाणं बंद. हॉबर्टचा फोन आला की म्हणायचा, "सांग, मी बाहेर गेलोय." बाहेर कसला, माझ्यासमोर बसलाय!

मग एके दिवशी सकाळी स्वतःच तो डबा वर घेऊन आला. ओट्याजवळच्या टेबलावर मांडला. पटाशी घेतली, लाकडाला लावली... आणि हात उडाला. ठोकळ्यावर ही एवढी खोक. त्याने पटाशी खाली ठेवली, डब्याचं झाकण लावलं, हात खिशात. मी वाट बघतेय, आता म्हणेल, घाई कसली. तसं म्हणालाच नाही. तुम्हाला सांगते, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ज्याला कधीच घाई नव्हती त्याला कळलं होतं, की आता आहे.

मी झाकण उघडलं, पटाशी उचलली, म्हटलं, "सांग, कुठे तासू?"

"नेल्डा, तुला जमणार नाही."

"टर्कीची हाडं सोडवते ना मी? सांग!"

आणि मग सुरू झाला माझा छळ! नळी लाकडात चपखल बसावी म्हणून ती मेणबत्तीवर धरायची, काजळी चढवायची, लाकडात दाबायची, उचलायची, जिथे काळं लागलं तिथे नखाएवढं तासायचं, पुन्हा काजळी, पुन्हा दाबा, पुन्हा तासा... माझं नाक काळं, टेबलाचं कापड काळं, टॅमीने सफरचंदाचा केक कापायला घेतला तर त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा! "आई, तुला पोलीस शोधतायत का?" मी म्हणायचे, एकदम थोडं जास्त काढते ना, तर हा खुर्चीतून, "घाई कसली?" लाकूड कोरण्यात वसंत गेला!

पितळ कानशीने घासा. दस्त्यावर जवसाचं तेल बोटाने जिरवा, वाळू द्या, पुन्हा जिरवा. मधेच मला थांबवून म्हणतो, "धर बघू, मूठ कशी बसते?" मी म्हटलं, "पिस्तूल तुझं, मूठ माझी कशाला?" तर म्हणतो, "माझी मूठ रोज वेगळी असते गं." असं बोलला की माझी कानस थांबते. मग तो म्हणतो, "का थांबलीस?" मी पुन्हा घासायला लागते, जरा जोरात.

आणि नळी! जन्मभर मी तव्यांवरचा गंज घासला, आणि आता काय, तर नळीला मुद्दाम गंज चढवायचा! म्हणे त्याने सुंदर तपकिरी रंग येतो. दमट जागा हवी म्हणून न्हाणीघरात टांगली. रोज खरारा, रोज वाफ. पाद्रीबाबा भेटायला आले, हात धुवायला आत गेले, टांगलेली पिस्तुलाची नळी बघून बाहेर आले ते पांढरेफटक. माझा हात हातात घेऊन हळूच, "नेल्डा, तुमच्या दोघांत... सगळं ठीक आहे ना?"

चाप तर इतका जड होता की डॉइलच्या बोटाने हलेचना. आतले तुकडे मी दगडावर घासले. घास, जोड, त्याच्या बोटाखाली दे, नाही हलत, पुन्हा खोल. एक दिवस त्याने दाबला आणि घोडा टक् करून पडला. माझ्याकडे असं बघितलं ना... लग्नात नव्हतं बघितलं हो असं!

ऑक्टोबर आला. आम्ही मैदानावर. डॉइलचा हात खिशात. नव्या पिस्तुलाचा पहिला बार असेल तर आमच्याकडे सगळी रांग गप्प उभी राहते, ही रीतच आहे. बाकावर वाळूची पिशवी, डॉइल स्टुलावर. बार भरायचा मी. आणि हॉबर्टचं तोंड सुरू! "अरे, झालं की काय? मी म्हटलं याच्या अंत्यविधीलाच बघायला मिळणार!"

मला आला राग! एरवी ठीक आहे, पण यंदा असं बोलायचं? मी त्याला सुनावलं, "हॉबर्ट, तुझ्या घराचं छप्पर गेली किती वर्षं गळतंय रे? आधी ते बघ!" असं बोलतेय, चिंधी लावतेय, गोळी ठेवतेय, ठासतेय, बोलतेय... मागे ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवली आणि पिस्तूल डॉइलपुढे ठेवलं. डॉइलने खिशातून हात काढला, दोन्ही हातांनी मूठ धरली, पिशवीवर टेकवली, श्वास सोडला, चाप दाबला.

टिक्.

बस्, टिक्! पाखरू उडालं नाही. डॉइल तसाच धरून बसला, आमचा नियम आहे, बार उशिरा उडाला तर? नाही उडाला. आणि मला बाकावर दिसलं, दारूचं माप. काठोकाठ भरलेलं. दारू ओतलीच नव्हती मी! नुसती गोळी ठासली! एवढे महिने तासलं, घासलं, गंजवलं, आणि तोंड चालू होतं म्हणून... मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता आमच्या क्लबात जो दारू विसरतो त्याच्या मनगटाला कोकराची घंटा बांधतात. दुसरा कुणी विसरेपर्यंत काढायची नाही. हॉबर्ट घंटा घेऊन माझ्याकडे निघाला. तर डॉइल म्हणाला, "मी विसरलो."

"तू? बार तर नेल्डाने भरला!"

"पिस्तूल कुणाचं? माझं. बघणं माझं काम. बांध." आणि त्याने हात पुढे केला. उजवा. तोच. सगळ्यांसमोर.

हॉबर्टने बांधली. आणि ती वाजायला लागली... किणकिण, किणकिण, थांबेचना! कुणाला कुठे बघावं कळेना. हॉबर्टचे डोळे भरले. डॉइलने मनगट कानाशी नेलं, ऐकलं, आणि म्हणाला, "हॉबर्ट, तुमची घंटा बिघडलीय रे. बंदच होत नाही." आणि हसला! मग हॉबर्ट हसला, मग सगळी रांग, आणि मी एकटी ओक्साबोक्शी रडतेय.

अडकलेली गोळी काढली, मी तोंड मिटून बार भरला, आणि उडाला हो! धूर, सडक्या अंड्यांचा वास, आणि गोळी? लक्ष्य सोडून चौकटीला. डॉइल म्हणाला, "लाकूड तर लाकूड!" मग दिवसभर सगळ्यांत बसून त्याने उजव्या हाताने बीन्स खाल्ले, अर्धे सदऱ्यावर, किणकिण करत.

त्यानंतर कुणी विसरलंच नाही. मेले सगळे मुद्दाम लक्ष देऊन भरतात! घंटा घरी आली. सूप पिताना किणकिण, पेपर वाचताना किणकिण, चर्चमध्ये प्रार्थनेत किणकिण. मी कात्री घेऊन उभी, "काढू का आता?" तर, "घाई कसली?"

डोकं उठलंय माझं! एकच बरं, झोपला की हात थांबतो. दुपारी खुर्चीत डोळा लागतो, घर कसं शांत होतं. मी म्हणते, चला, सुटले. भांडी घेते... दोन भांडी होत नाहीत तोच हात पुसून बाहेर येते आणि ओरडते, "डॉइल!" तो दचकतो. किणकिण. "काय गं?" "काही नाही. झोप." पुन्हा झोपतो. पुन्हा शांत. पुन्हा मी हात पुसते... आता तुम्हीच सांगा, अशाने भांडी व्हायची कधी?