सुटलेली लेस

शर्यतीच्या प्रातःकाळी, मिनेसोटातील एका विशाल सरोवराच्या काठी, तात्पुरत्या शौचालयांपुढील दीर्घ रांगेत हार्लन उभा होता. त्याच्या पुढे एक वृद्ध दांपत्य होते. दोघांच्याही छातीवर धावपटूंचे क्रमांक होते.

“एल्डन, लेस सुटलीय तुझी. वेळ मोजायची चिप तिच्यातच ओवलीय, पडेल कुठेतरी.”

“बांध ना जरा, जॉयस.”

“आज नाही. वाक आणि बांध.”

“देवानं मला पाय धावायला दिलेत, वाकायला नाही!”

“म्हणून तर दर वर्षी विसाव्या मैलाला मांडी आखडते. कधीची सांगतेय, रोज थोडा ताण देत जा.”

“ते चोचले तुझ्या योगवर्गाला लखलाभ. लंगडत का होईना, पोचेन मी.”

“पोच की. दर वर्षी मी तुझ्यासाठी थांबते. यंदा नाही थांबणार. यंदा मी माझी शर्यत धावणार.”

एल्डनने शेजारच्या कठड्यावर टाच ठेवली आणि कण्हत कण्हत, लालबुंद होऊन, स्वहस्ते लेस बांधली.

“झालं समाधान?”

“ताण बसला ना मांडीला? आता दुसरा पाय ठेव.”

“त्याची कुठे सुटलीय?”

“थांब, सोडते,” असे म्हणून ती गुडघे न मुडपता खाली वाकली.