छपराचा रंग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, बालिकची गावातले सर्वांत ज्येष्ठ आणि म्हणून आपले अक्सकाल, आदरणीय असानकादिर. दोन टेबलं जोडून आणि त्यावर गालिचा टाकून केलेल्या या व्यासपीठावर विराजमान झालेले आलमाटीचे पाहुणे, मशीनविक्रेते श्री. मादियार, आजच्या सत्कारमूर्ती बुरुलचा एजे, ज्यांना आम्ही केस पिकलेले बाप्येसुद्धा एजे, म्हणजे थोरली बहीण, असंच म्हणतो, त्यांचे यजमान आणि म्हणून आमचे जेझदे, तुर्गुनबाय, आमच्या फलक-कारखान्यातले सहकारी, हमरस्त्यावर धुरी दिलेले मासे विकणाऱ्या आमच्या गिऱ्हाईक भगिनी, सरोवराकाठच्या अतिथीगृहांचे मालक, आणि मघापासून ज्यांचं सगळं लक्ष मटणाच्या पातेल्याकडे आहे ती प्रामाणिक मंडळी, सर्वांना या उलारबेकचा नम्र सलाम.

भाषण मी लिहून आणलंय. आयत्या वेळी बोलण्याइतका मी हुशार नाही. हं, हे बघा. "बुरुलचा एजे यांच्याविषयी काय बोलावं? रुंदी तीन मीटर वीस, वजन पाचशे किलो, जागा बदलण्यासाठी किमान सहा माणसं..." अरे देवा! हा मशीनचा कागद. एजे, माफ करा हं. जेझदे, तुम्ही तरी हसू नका हो!

खरं सांगू का मंडळी, माझं डोकंच ठिकाणावर नाही. एका खिशात निरोपाचं भाषण, दुसऱ्या खिशात मशीनचा कागद. मादियारसाहेब आज चारच्या गाडीनं परत जाणार आहेत आणि जाताना त्यांना माझा हो किंवा नाही घेऊन जायचंय. जुनं मशीन आता धाप टाकतंय. नवं चुकीचं आलं तर पुढची नऊ वर्षं आम्ही सगळे ते भोगणार. आणि आमच्या कारखान्यात ही गोष्ट जिला कळते ती एकच बाई आज निघाली आहे. निघाली ती निघाली, जाताना तोंडातून एक शब्द काढेल तर शपथ! मग मी इथे निरोप द्यायला उभा आहे की जाब विचारायला, हेच मला कळेनासं झालंय.

अक्सकाल... अक्सकाल, हात खाली घ्या. अजून नको. अहो, आशीर्वादाची वेळ यायचीय.

पाहुण्यांना वाटेल, म्हाताऱ्या माणसाला असं काय बोलतो हा! पण साहेब, आपल्याकडची रीत तुम्हालाही ठाऊक आहे. वडीलधाऱ्यानं तळवे उघडले, आशीर्वाद दिला, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, की विषय संपला. त्यानंतर कोणी "पण" म्हणायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी जुनं मशीन घेताना आमचं असंच झालं. विकणाऱ्यानं माझ्या थोरल्या काकांना आणि मला जेवायला बोलावलं. मानाचं म्हणून मेंढीचं डोकं काकांपुढे ठेवलं. काका खूश! जेवले, तळवे उघडले आणि म्हणाले, "हे मशीन तुमचं घर भरून टाको." झालं! मशीन मी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

कारखान्यात परत आलो तर एजे शिवणयंत्रावर बसून फ्लेक्सच्या कडा दुमडत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "शाई कसली आहे त्याची? वाळताना वास येतो का?" मी म्हटलं, "एजे, तुम्ही सुईदोरा सांभाळा, मशीनचं आम्ही बघतो." असं म्हणालो मी. पोस्टरं हातानं रंगवणाऱ्या बाईला, जिनं या गावातली निम्मी दुकानं रंगवली, तिला. त्यांनी पुढची कड घेतली. दुमडत राहिल्या.

वास यायचा हो. नुसता वास नाही, डोळ्यांतून पाणी काढणारा. विकणारा म्हणाला होता, खिडकी उघडी ठेवा. खिडकी उघडी! बालिकचीत! आपला उलान वारा दरीतून सुटला की कुत्रीसुद्धा भिंतीला धरून चालतात. खिडकी उघडली की वाळू आत. ओल्या छपाईवर वाळू, मशीनच्या नोझलमध्ये वाळू. नवरानवरीच्या तोंडावर देवी आल्यासारखे ठिपके! मग मीच ओरडायचो, "खिडकी बंद करा!" नऊ वर्षं मी हेच ओरडलो. माणसं खोकायची, पण फ्लेक्स स्वच्छ यायचे.

म्हणून या वेळी मी शहाणपणा केला. म्हणजे एजेंनी केला, श्रेय मी घेतलं. तीन विक्रेत्यांकडून एकाच चित्राचे तीन तुकडे छापून आणले. चित्र साधं होतं, सरोवर आणि काठावर लाल छपराचं घर. एजेंनी ते तुकडे कारखान्याच्या गच्चीच्या कठड्याला शिवून टाकले. दोन उन्हाळे, दोन हिवाळे. मशीन विकणारे काहीही सांगोत, उन्हाला आणि उलानला कोणी जेवायला बोलावू शकत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी ते तुकडे खाली काढले आणि कपाळावर हात मारला. कुठला तुकडा कोणाचा हे आम्ही मागच्या बाजूला साध्या पेनानं लिहिलं होतं. उन्हानं सगळं खाऊन टाकलं! रंग टिकतो की नाही ते बघायला निघालेली माणसं आम्ही, आणि लिहिलं कशानं, तर शाळेतल्या पेनानं. हसा, हसा. मी तेव्हा रडायच्या बेतात होतो. कुठला तुकडा चांगला राहिला ते मला दिसत होतं, पण तो कुठल्या मशीनचा ते कळत नव्हतं.

गेलो एजेंकडे. तिन्ही तुकडे पुढे ठेवले. म्हटलं, "एजे, बघा आणि सांगा, कुठला राहिला आणि कोणाचा आहे?" त्या बघत बसल्या. खूप वेळ. मग म्हणाल्या, "तिन्ही सारखेच." आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागद. "मला कामातून मोकळं करा."

मंडळी, आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? तीन तुकड्यांत जमीनअस्मानाचा फरक! मला वाटलं, बाईनं नऊ वर्षांपूर्वीचा सुईदोरा आज माझ्या गळ्यात अडकवला. बायकोला म्हटलं, तर ती म्हणाली, "तिला राग यायला नऊ वर्षं लागली, तुला तो समजायला अजून नऊ लागतील." मी एजेंशी बोलणंच सोडलं. हा समारंभसुद्धा, खोटं कशाला बोलू, रीत म्हणून ठेवला.

पण आज ठरवूनच आलोय. जिपारा, ते तुकडे आण गं इकडे. आमची छपाईवाली जिपारा, नवं मशीन हिच्याच हाती जाणार आहे. हं. बघा मंडळी, हा पहिला. एजे, तुम्ही म्हणालात तिन्ही सारखेच. आता चारचौघांत होऊनच जाऊ दे. सांगा बरं, या छपराचा रंग कोणता?

मागच्यांना ऐकू आलं का? त्या म्हणतायत, "लाल."

हसताय ना? मलाही हसू येतंय. आतापर्यंत रुसवा होता, आता थट्टा! अहो, पार निळं झालंय हे छप्पर. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. एजे, नीट बघून सांगा की!

"लालच आहे. मीच लावलाय तो तुकडा."

जेझदे, तुम्ही खाली का बघताय?

...

एजे.

मंडळी, जरा शांत राहा. हसू नका. कृपा करून कोणी हसू नका.

जिपारा माझ्या कानात सांगतेय. गेली दोन वर्षं एजे तिला जवळ बोलवायच्या आणि विचारायच्या, "हा लाल कसा आलाय, बघ बरं? हा पिवळा गिऱ्हाइकानं दिलाय तसाच आहे का?" पोरीला वाटायचं, एजे परीक्षा घेतायत, शिकवतायत. मलाही तेच वाटायचं. मी तर कौतुकानं सांगत फिरायचो, आमच्या एजे पोरीला कशा तयार करतायत म्हणून.

तिन्ही सारखेच म्हणालात ते खरंच होतं तर. तुम्हाला ते सारखेच दिसत होते. आणि हे कोणाला कळायच्या आत तुम्ही निघून जायचं ठरवलंत. तुम्ही गुपचूप दार लोटून चालला होतात, आणि मी भर सभेत तुमच्यापुढे तुकडा नाचवला. आता तर मला कुठलाच कागद उपयोगाचा नाही.

एजे उठल्या. वाट द्या त्यांना. या, इथे या. माईकची वायर लांब जात नाही, तेव्हा त्या म्हणतील ते मी मोठ्यानं सांगतो.

त्या म्हणतायत, "तोंड एवढं पाडू नकोस, उलार. मेलेय का मी? रंग बघायला अख्ख्या गावाला डोळे आहेत. तुकडे इकडे दे."

पहिला घेतला. तळहात फिरवला. "हा गुळगुळीत. शाई आत मुरलीय, वर काहीच लागत नाही. हा आपल्या जुन्या मशीनच्या भावकीतला." म्हणजे छप्पर निळं झालंय तो हा. पाहुणे, ही तुमच्याच प्रकारची शाई. राग मानू नका. दुसरा. "याच्यावर बारीक रवा लागतोय हाताला. दिव्यानं वाळवायची शाई. आता घडी घालते, ऐका." आलं ऐकू? कर्रकन मोडली! लाल छपराला मधोमध भेग पडली. रंग छान राहिलाय एजे, पण भेग पडली. "मग भिंतीवरच्या पाटीला चांगली. आपल्याकडे वाऱ्यात लटकायचं असतं." तिसरा. घडी घातली. चुरगाळला. नखानं ओरबाडला. "मऊ आहे. नख जरा लागतं, तेवढं गुंडाळताना सांभाळायचं. ही पाण्याची शाई, मशीन ती ऊन करून वाळवतं. रंग कसा आहे, ते तू सांग."

एजे, छप्पर लाल आहे. जसं लावलं होतं तसं लाल.

आता मादियारसाहेबांच्या बॅगेतला नवाकोरा नमुना मागतायत. नाकाशी धरला. मादियारसाहेब म्हणतायत, "एजे, सुधारलेली शाई आहे, वास जवळजवळ नाहीच." एजे म्हणतायत, "जवळजवळ राहू दे बाळा. तुझं मशीन वाईट नाही. वेगानं छापतं, स्वस्तात छापतं, मोकळ्या हवेत बसवलंस तर झक्क चालेल. पण या पोरीला खिडकी बंद करून त्याच्यापाशी बसायचंय." आणि मला विचारतायत, "मशीन ठेवणार कुठल्या खोलीत?"

मंडळी, दोन वर्षं मी कागद वाचतोय. रुंदी वाचली, वेग वाचला, ठिपके किती बारीक पडतात ते वाचलं. खोली कुठली, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही.

त्याच खोलीत, एजे. एका खिडकीच्या.

मी आपला म्हणतोय की पाण्याच्या शाईला वीज फार लागते आणि हिवाळ्यात वीज जाते. त्या म्हणतायत, "गेली तर काम थांबेल. गिऱ्हाइकाला चहा पाज."

मादियारसाहेब, माझं उत्तर नाही असं आहे. तुम्ही आमचे पाहुणे आहात, जेवल्याशिवाय सोडणार नाही, पण उत्तर नाही. तिसऱ्या तुकड्याचं मशीन घेणार. अक्सकाल, आता उघडा हात! आता पाहिजे तेवढा आशीर्वाद द्या.

आमीन. पाहुण्यांनीही हात फिरवले चेहऱ्यावरून. याला म्हणतात मोठं मन.

आता मला सांगा, हा निरोप समारंभ राहिला की नाही? एजेंच्या खांद्यावर चापान, निरोपाचा मानाचा झगा, तर घालून झालाय. एजेंचे डोळे कशानं गेले? त्या म्हणतात, वयानं. जेझदेही म्हणतात, वयानं. तसंच असेल. मला खरंच ठाऊक नाही. पण "खिडकी बंद करा" असं ओरडणारा आवाज माझा होता, आणि पलीकडच्या शिवणाच्या टेबलाशी नऊ वर्षं त्या बसल्या होत्या. हे मला यापुढे रोज आठवणार आहे, आणि आठवलंच पाहिजे.

आपण सर्व आलात, अक्सकालांनी अध्यक्षपद भूषवलं, पाहुणे इतक्या लांबून आले, स्वयंपाकघरातल्या भगिनींनी पातेलं इतका वेळ आचेवर राखलं, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर... नाही, असेल नाही. झालंय. ज्या बाईनं आयुष्यभर गावाला रंग दिले, तिला मी गावासमोर रंग विचारला. तुम्ही मला माफ कराल, तुम्हाला भूक लागलीय. पण एजे, तुम्ही कराल का?

मागच्यांसाठी सांगतो. त्या म्हणतायत, "माफीचं मरू दे. मंगळवारी बिश्केकला डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. दोनदा घेतली, दोनदा गेले नाही. दवाखान्यासमोर मोठा रस्ता आहे, आणि दिवा लाल झालाय की हिरवा ते मला कळत नाही. तुझ्या जेझदेचा गुडघा त्याला पायऱ्या चढू देत नाही. तू येशील का?"

येईन, एजे. हात धरून नेईन.

मंडळी, मंगळवारी कारखाना बंद राहील.