तेरा साती

...आणि वर मलाच म्हणाले, "सोपा विचारला होता!" सोपा? तुम्हाला सांगतो, माणूस मुलगी मागायला गेलाय, शर्ट नवाकोरा, गळ्याचं बटण लावल्यानं श्वास अर्धाच चाललाय, आणि समोर होणारे सासरे, गणिताचे मास्तर, चष्म्यावरून बघत विचारतात, "एक्क्याण्णव मूळ संख्या आहे का हो?" म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणी भागत नाही, अशी. मी दोनानं भागून बघितलं, तिनानं बघितलं, पाचानं बघितलं... जातच नाही! सातापर्यंत पोचायच्या आत चहा आला! म्हटलं, "आहे." मास्तर म्हणाले, "तेरा साती?"

संपलं! अहो, माझे पाढे बारापर्यंतच! तेराचा घेतला त्या आठवड्यात मला गालगुंड झालं होतं, त्यात माझी काय चूक? लग्न झालं बरं का, मुलगी हट्टाला पेटली म्हणून. पण मास्तरांनी एकतीस वर्षं मला जावई म्हटलं नाही. "एक्क्याण्णव आलेत का?" "एक्क्याण्णवांना पाणी द्या." आमचा मुलगा बोलायला लागला तर त्याला मांडीवर घेऊन, "एक ते तेरा मिळव आणि सांग तुझ्या बापाला." मिळवा तुम्ही... एक्क्याण्णव! तीनचा घन आणि चारचा घन, करा बेरीज... एक्क्याण्णव! कुठल्याही गल्लीनं जा, शेवटी घर तेच, तेरा साती!

माझं फळांचं दुकान आहे. एकदा तिथं आले आणि स्वतः संत्री रचली. खाली सहा-सहाच्या सहा रांगा, त्यावर पाच-पाचच्या पाच, मग चार, तीन, दोन, टोकावर एक. मागं सरकून म्हणाले, "मोजा." कशाला मोजू? मला कळत नाही? वर आणखी, "यातलं विकायचं नाही हं, नव्वद होतील!" गिऱ्हाईक डझनभर मागतंय आणि मी म्हणतोय, थांबा हो, सासरे जाऊ देत!

मला एवढंच हवं होतं... एकदा म्हणावं, "जावईबापू, बरोबर." बस.

आता मास्तर सगळं विसरलेत. आठ महिने झाले. पोटच्या लेकीला विचारतात, "बाई, आपण कोण?" मग ही स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडते, रडण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून. आणि मी? मला काही होत नाही हो. दात काढताना सुई मारल्यावर गाल आपलाच असतो पण लागत नाही, तसं झालंय. भरवतो, पुसतो, कुशीवर वळवतो.

परवा त्यांची दाढी करत होतो. अर्धं तोंड फेसात, आणि एकदम माझं मनगट धरून, "एक्क्याण्णव मूळ संख्या आहे का हो?"

वस्तरा हवेतच! एकतीस वर्षं ते उत्तर जिभेवर घेऊन फिरतोय मी! म्हटलं, "नाही मास्तर. तेरा साती."

असा चेहरा खुलला म्हणता! "वा! बरोब्बर!" माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग मला जवळ ओढून, हळूच, कुणी ऐकत नाही ना बघून, "आमच्या मुलीसाठी असाच मुलगा बघत होतो मी... पण तिनं एका गाढवाशी लग्न केलं हो."

त्यांचा दुसरा गाल वळवून घेतला आणि म्हटलं, "हो मास्तर, कानावर आलं होतं माझ्या."