आठवड्याचा लॉट

(सातपूरच्या कामगार कॉलनीतली गॅलरी, गुरुवारची दुपार. सहादूच्या मांडीवर शेखरच्या घरचं पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, कानावर पेन्सिल. समोर शेखर, मोतीबिंदू काढल्यावर देतात तो काळा चष्मा लावून. एक देव न मानणारा, दुसरा चर्चला न चुकणारा. दोघंही एकाच कंपनीतून रिटायर. आत स्वयंपाकघरात सहादूची बायको सुलाबाई.)

शेखर : ...मग देवानं दोन ज्योती केल्या, मोठी दिवसाला, धाकटी रात्रीला. झाला चौथा दिवस.

सहादू : थांब. सूर्य चौथ्या दिवशी?

शेखर : चौथ्या.

सहादू : आणि उजेड पहिल्या दिवशी. मग मधले तीन दिवस कुठल्या खांबावर आकडा टाकला होता?

शेखर : तुला पुस्तक धरायला बसवलंय. मी चुकलो तर सांगायचं. देव चुकला तर नाही.

सहादू : बत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. समोर आलेलं तपासल्याशिवाय पुढं सोडवत नाही.

शेखर : मग आपली शेड आठव. आपण लागलो तेव्हा आधी काय आलं? लाइट. मशिनं दीड महिन्यानं आली. रिकाम्या शेडमध्ये ट्यूबखाली पत्ते कुटत बसायचो की नाही?

सहादू : त्या लाइटला मीटर होता.

शेखर : ह्याला नव्हता. एवढाच फरक.

सहादू : आणि सूर्य नसताना दिवस कसे मोजले म्हणे?

शेखर : शिफ्टवर. नीट बघ, प्रत्येक ठिकाणी आधी संध्याकाळ, मग सकाळ.

सहादू : म्हणजे नाइट?

शेखर : सलग सहा नाइट. सातव्या दिवशी सुट्टी, तीही शनिवारी. आपल्या सातपूरला शनिवारचाच वीकली ऑफ का, कधी विचार केलास?

सहादू : वीज वाटून घ्यायला, प्रत्येक भागाला वेगळा वार! त्यात तुझ्या देवाचा काय संबंध?

सुलाबाई : (आतून) भावजी, थेंबांचा टाइम झाला. मान वर करा. आणि हे बोलत्याल, तुम्ही हलू नका.

शेखर : या वहिनी. तुमच्या मालकांनी आत्ता देवाची वीजचोरी पकडली.

सुलाबाई : लय पकडत्यात. घरातला गिझर दोन म्हयने बंद हाय, तो नाय पकडला. मिटा डोळा. दाबू नका.

सहादू : मी मोठी भानगड पकडलीय. हे बघ, पहिला दिवस, खाली शेरा : चांगलं. तिसरा, चांगलं. चौथा, पाचवा, सहावा, चांगलं. दुसऱ्या दिवसाला शेराच नाही!

शेखर : काय सांगतोस?

सहादू : चार दिवस वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं खुणा करतोय. आकाश केलं, पाणी वरखाली केलं आणि गप्प. पास नाही, नापास नाही.

शेखर : दुसरा दिवस म्हणजे सोमवार. सोमवारी कुणाचं काम धड होतं?

सहादू : आणि सगळ्यात वाईट म्हणजे बनवणारा तोच, पास करणारा तोच. अशा कारखान्याला मी पहिल्याच दिवशी टाळं लावलं असतं. मी बुशची तेराशे नळकांडी नापास केली तेव्हा जर्मनीचा साहेब विमानानं आला होता. माझा मायक्रोमीटर त्यानं कपाळाला लावला.

शेखर : मागच्या आठवड्यात साहेब जपानचा होता.

सहादू : दोघं एकाच विमानानं आले.

सुलाबाई : आणि आपल्याकडं जेवायला पण थांबले नायत, अशी माणसं.

शेखर : सहादू, रविवारी सकाळी मी उपासनेला जायचो तेव्हा माझ्या लेथवर कोण उभं राहायचं?

सहादू : मी.

शेखर : माझं कार्ड कोण पंच करायचं?

सहादू : ...मीच. फोरमन चहाला गेला की.

शेखर : आणि त्या दोन तासांत तू काढलेला माल पास कोण करायचं?

सहादू : ते वेगळं.

शेखर : एकतीस वर्षं! स्वतः बनव, स्वतः पास कर. आणि देवाला नोटीस काढतोस?

सुलाबाई : आता बोला. अहो, आता का कानावरची पेन्सिल चावता?

सहादू : बरं, ते सोड. पुढचं पान. इथं पहिल्या पानावर आधी जनावरं, मग माणूस. दुसऱ्या पानावर आधी माणूस, मग जनावरं. एका जॉबची दोन ड्रॉइंगं, आणि मापं जुळत नाहीत. सरळ आहे, दोन वेगळ्या माणसांनी लिहिलंय, तिसऱ्यानं शिवलंय.

शेखर : तू ड्रॉइंग वाचायचास ना? एक वरून काढलेलं, एक समोरून. वरून बघितलं तर गोल दिसतं, समोरून चौकोन. जॉब एकच असतो, बुश. पहिल्या पानावर देव वरून सगळं जग बघतो. दुसऱ्यावर खाली चिखलात बसून एका माणसाकडं बघतो.

सहादू : बोलतोस छान. पटत नाही.

शेखर : पटवायला आलोच नाही. अक्षर दिसत नाही म्हणून पाठ करायला आलोय. परवा संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब माझ्याकडून म्हणून घेणार. अडखळलो तर रविवारी कापणीच्या सणाला बोर्डे मास्तरांचा स्वराज वाचणार, मोबाइलमध्ये बघून.

सहादू : मग काय बिघडलं?

शेखर : बावीस वर्षं हे वाचन माझ्या सरितानं केलंय. ती गेल्यावरचा हा पहिला सण. ती जागा मी मोबाइलला देऊ?

सहादू : नको देऊस. चल, दुसरं पान, सुरू.

शेखर : देवानं मातीचा माणूस केला, नाकात श्वास फुंकला. बाग लावली. त्यात त्याला ठेवलं, राखायला. म्हणाला, सगळ्या झाडांचं खा, एक सोडून. मग मातीतून पशू केले, पाखरं केली, नावं ठेवायला त्याच्यापुढं आणली—

सहादू : एक ओळ गाळलीस.

शेखर : कुठं?

सहादू : एक झाड सोडून, ह्याच्या खाली. पशूंच्या आधी.

शेखर : असेल. विसरलो.

सहादू : सोमवारी विसरलास. मंगळवारी, काल, आज. चारही दिवस तोच जॉब ट्रेमध्ये नाही. विसरणारा माणूस रोज वेगळं विसरतो, शेखर.

शेखर : वहिनी, चहा होणार होता ना?

सुलाबाई : व्हनार. आधी त्यांना काय ते सांगा. मी पण आतून ऐकते चार दिस.

शेखर : ती ओळ आली की सरिता मान वर करायची. पुस्तकावरून माझ्याकडं बघायची. पुरुषांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर मी. सगळ्या मंडळीला माहीत. पोरं आधीपासून फिदीफिदी करायची. मी लाजून छपराकडं बघायचो. बावीस वर्षं छप्पर बघितलं, सहादू. एकदा तिच्याकडं बघायला काय झालं होतं? तोंडात येते रे ती ओळ. बाहेर येत नाही.

सहादू : ऐक. मी हा आठवडाभराचा अख्खा लॉट तपासलाय. उजेड पास, झाडं पास, मासे पास. सोमवार कोरा. अख्ख्या जगात पहिलं 'बरं नाही' कुठं लिहिलंय, माहिती आहे? ह्याच ओळीत. माणूस एकटा आहे, हे काही बरं नाही.

शेखर : माहीत आहे.

सहादू : हे देवानं नाही लिहिलेलं. कुणीतरी एकट्यानं जेवून, ताट स्वतः धुवून, मग लिहायला बसलेला माणूस आहे तो.

शेखर : आणि मी म्हणतो, त्याला जेवताना कुणीतरी बघितलं. ताट धुताना पण.

सहादू : तुझं तू म्हण. पण लिहिणारा कुणी का असेना, इन्स्पेक्टर पक्का होता. एवढ्या एका ओळीखाली मी सही करतो. ही बघ, पेन्सिलीनं केली.

शेखर : शास्त्रावर सही केलीस? अरे, ते सरिताचं आहे!

सहादू : खोडता येते. रविवारी मी येतो.

शेखर : कुठं?

सहादू : तुझ्या तिसऱ्या बाकावर. ती ओळ आली की माझ्याकडं बघ.

शेखर : मला चार हातांवरचं धूसर दिसतं.

सहादू : सुलानं विणलेला तो लाल स्वेटर घालून येतो. तो आंधळ्यालाही दिसतो.

सुलाबाई : चार वर्सांनी अंगाला लागंल म्हणायचा. मी पण येते, भावजी. त्या सणाला भाजीपाला नेत्यात ना? दोन दुधी नेते. सायखेड्याहून भावानं धाडलेत, मांडीएवढे.

शेखर : प्रार्थनेला सगळे उभे राहतात, सहादू.

सहादू : मी बसून राहणार.

शेखर : बस.

सहादू : आमेन पण म्हणणार नाही.

शेखर : तुला कुणी विचारलंय? फक्त सूर्याच्या वेळी मध्ये बोलू नकोस.

सहादू : तेवढं सांगता येत नाही. बरं, किती वाजता यायचं?

शेखर : साडेआठला. उशीर झाला तरी घाबरू नको. ह्या वेळी तुझं कार्ड मी पंच करतो.