जे आधी होईल ते

शंभू : बाबा, ओढू नका ना! फाटेल कव्हर.

बाबा : मग तू सोड. गाडी झाकलेलीच बरी. काय गुप्तधन सापडलंय तुला बॉनेटमध्ये?

शंभू : या तर इकडे! ही डिपस्टिक, ऑइल मापायची पट्टी. पुसली, आत घातली, परत काढली. हे बघा इंजिन ऑइल.

बाबा : काळं आहे.

शंभू : काळं असू दे हो, काम केलं की काळं होतंच. वास घ्या.

बाबा : मी आत्ताच पोहे खाल्लेत.

शंभू : पेट्रोलचा वास येतोय, बाबा! ऑइलला! आणि हे झाकण... थांबा... आई! आई, लवकर खाली ये!

आई : आले रे! ओरडतोस काय, अख्खी सोसायटी गॅलरीत आली. काय झालं? उद्या गाडी नेता येणार आहे ना?

शंभू : ऑइल टाकायच्या झाकणाला आतून काय लागलंय बघ.

आई : अगंबाई! कॉफीचा फेस?

बाबा : संपलं. ऑइलमध्ये पाणी गेलं म्हणजे इंजिन गेलं. श्यामला, तू उद्या फलटणला एसटीने जा. खिडकी मिळेल.

आई : मी एसटीने जाणार नाही. शाळेच्या गेट-टुगेदरच्या ग्रुपवर लिहून बसलेय मी, श्यामला स्वतः गाडी चालवत येणार म्हणून. मुमताज फुगे आणणार आहे.

बाबा : एसटीतून उतरणाऱ्यांसाठीही फुगे फुगतात.

शंभू : अरे थांबा ना दोघं! आधी ही कूलंटची, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची टाकी बघू. इथून पाणी गळून ऑइलमध्ये गेलं असतं तर ही कमी झाली असती. आहे का कमी?

आई : भरलेली आहे.

शंभू : एकदम खुणेवर! येस! म्हणजे बहुतेक इंजिन ठीक आहे.

बाबा : मग पाणी आलं कुठून? चार वर्षं पावसाचा थेंब लागू दिला नाही मी हिला.

शंभू : तुम्हीच घातलंत, बाबा.

बाबा : मी?

शंभू : दर रविवारी. अंघोळ करून खाली येता, कव्हर काढता, उदबत्ती ओवाळता, गाडी जागेवर पाच मिनिटं चालू करता, कान लावून ऐकता, बंद. परत कव्हर.

बाबा : बॅटरी उतरू नये म्हणून. माणसं पोटच्या पोरांचं एवढं करत नाहीत.

शंभू : माहितीये ना, मी पोटचाच आहे! पण बघा, पेट्रोल जळलं की वाफ पण होते. इंजिन पाच मिनिटांत नीट तापतच नाही. मग वाफेचं आत पाणी होतं, ऑइलमध्ये मिसळतं. न जळलेलं पेट्रोल पण उतरतं त्यात. गाडी लांब पळवली असती तर तापून सगळं उडून गेलं असतं.

आई : कुकरच्या झाकणासारखं. गॅस बंद केला की आतून थेंब.

शंभू : करेक्ट! आई, तू यूट्यूब चॅनल काढ!

(बाबा कव्हरची घडी घालत राहतात.)

आई : अहो, घडी कसली घालताय आता?

बाबा : मी जपत होतो आणि त्यानेच ती बिघडत होती, असं म्हणणं आहे चिरंजीवांचं.

शंभू : तसं नाही हो... आणि बिघडली नाहीये अजून. ऑइल बदललं की झालं.

बाबा : गाडीच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटरला बदला असं लिहिलंय. वाचलंय मी. आपले हजारसुद्धा झाले नाहीत.

शंभू : पुढचं वाचा ना. हे घ्या.

बाबा : दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष... जे आधी होईल ते.

आई : बघा. आपले किलोमीटर कुठे होतायत? नुसती वर्षंच होतायत.

बाबा : रस्ते बघतेस ना पुण्यातले? उजवीकडून टू-व्हीलर, डावीकडून टू-व्हीलर. एक ओरखडा आला तर...

आई : मग ओरखडा येईल. मला भीती वाटत नाही का? ड्रायव्हिंग क्लासच्या पहिल्या दिवशी सोलापूर रोडला ट्रकच्या मागे गाडी बंद पडली माझी. सगळं मांजरी गाव हॉर्न वाजवत होतं. रडले मी.

बाबा : हे बोलली नाहीस कधी.

आई : बोलले असते तर दुसऱ्या दिवशी जाऊ दिलं असतं तुम्ही?

शंभू : चला चला, आई बस स्टिअरिंगवर! गॅरेजवाल्या आमीरकडून हे रॅम्प आणलेत, पुढची चाकं यांच्यावर चढव. नुसत्या जॅकवर मी खाली जाणार नाही, तेवढी अक्कल आहे.

बाबा : चढवताना पलीकडे गेली तर?

शंभू : मी हात दाखवतो. आई, हळू... क्लच... अजून... अजून... बस! अरे वा! एका दमात! हँडब्रेक ओढ. मागच्या चाकांना विटा लावतो. आता थोडा वेळ चालू राहू दे, ऑइल कोमट झालं की पटकन वाहतं. मग मी जातो खाली.

बाबा : थांब. असाच झोपणार फरशीवर? ऑइल सांडलं तर सेक्रेटरी मला नोटीस लावेल. हे अंथर.

शंभू : बाबा, हे कव्हर आहे. तुमचं.

बाबा : दिसतंय मला. अंथर.

आई : ...अहो.

बाबा : तू गाडी बंद कर. झालं असेल कोमट.

शंभू : ओके, बोल्ट सोडतोय... टब सरकवा इकडे... आला आला आला! बाबा, वाकून बघा! कसली धार आहे!

बाबा : ई. हे हिच्या पोटात होतं?

शंभू : चार वर्षं! ते गटारात ओतायचं नाही हां, आमीरच्या गॅरेजवरून गोळा करून नेतात. फिल्टर पण काढतो... नवीन लावला... बोल्टला नवा वॉशर... घट्ट, पण पिळून नाही. आई, आता वरून नवीन ओत. सगळा कॅन नाही, पुस्तकात लिहिलंय तेवढंच.

आई : किती सुंदर रंग आहे रे! मधासारखा.

बाबा : धार बारीक धर. सांडतेस.

आई : तुम्ही धरा मग फनेल.

बाबा : धरलंय. ओत.

शंभू : बास! झाकण लाव, चालू कर. खाली गळत नाहीये... परफेक्ट. विटा काढल्या, हळूच मागे उतरव... सरळ... बंद. सपाट जागेवर थोडं थांबून मापायचं. बाबा, डिपस्टिक तुम्ही काढा.

बाबा : पुसायची, घालायची, काढायची... दोन खुणांच्या मध्ये आहे. वरच्या खुणेजवळ.

शंभू : झालं! आई, फलटण!

आई : खरंच नेऊ उद्या?

शंभू : आज आधी लोणीपर्यंत चक्कर मार, चांगली तापू दे. आल्यावर परत ऑइल आणि कूलंट बघू. तो फेस परत दिसला नाही, तर बिनधास्त जा. मी येतो शेजारी, थांब, हात धुतो...

बाबा : तू टब आवर. मी बसतो शेजारी.

आई : तुम्ही? मग आरडाओरडा करायचा नाही. टू-व्हीलर येणार.

बाबा : डोळे मिटून घेईन.

आई : बेल्ट लावा. अहो, तो नाही, इकडचा. आणि कव्हरचं काय हो? पार काळं झालं. नवं आणायचं का?

बाबा : बघू. गाडी घरी असेल तेव्हा.